मेंदूत शिरलेला कोरोना : तीन वाक्यांचे परीक्षण

वर्धा जिल्ह्यातल्या एका शाळेच्या शिक्षकखोलीत मध्यंतरी ऐकलेले वाक्य असे : “ही सगळी कोरोनाची बॅच आहे हो सर. विषाणू मेंदूतच जातो म्हणतात, मग यांच्या डोक्यात त्रैराशिक कुठून शिरणार?” बोलणारे गृहस्थ गणिताचे अनुभवी शिक्षक होते. ते विनोदाने बोलले, पण अर्धेच विनोदाने. बाकीच्यांनीही मान डोलावली. मागच्या काही वर्षांत वर्तमानपत्रे, दूरचित्रवाणी आणि मोबाईलवर फिरणारे संदेश यांनी एक समज पक्का केला आहे : कोरोना मेंदूत शिरतो, मेंदू आकसतो आणि बुद्धी कमी होते.

पुस्तकाचे किंवा नाटकाचे परीक्षण आपण करतो. विज्ञानाच्या बातमीचे परीक्षण मात्र सहसा कोणी करत नाही. ती छापून आली म्हणजे खरी, किंवा छापून आली म्हणूनच खोटी, अशी दोन टोके तेवढी दिसतात. या लेखात लोकांच्या तोंडी बसलेली तीन वाक्ये घेऊन ती ज्या संशोधनातून निघाली त्याच्याशी ताडून पाहू. वाक्य कुठे बरोबर आहे, कुठे घसरले आणि त्यातून काय गळून गेले, एवढेच तपासायचे आहे. मूळ निबंध बहुधा सावधपणे लिहिलेले असतात. घसरण होते ती निबंधापासून मथळ्यापर्यंतच्या वाटेवर.

वाक्य पहिले : “कोरोना नाकातून थेट मेंदूत शिरतो”

हे वाक्य वरवर पटण्याजोगे आहे. नाकाच्या छतावर गंध ओळखणाऱ्या चेतापेशी असतात. त्यांचे तंतू कवटीच्या चाळणीसारख्या हाडातून वर जाऊन मेंदूच्या गंधकंदाला मिळतात. बाहेरच्या हवेपासून मेंदूपर्यंतचा एवढा जवळचा रस्ता शरीरात दुसरा नाही. २०२० मध्ये असंख्य रुग्णांचा वास गेला, तेव्हा विषाणू याच रस्त्याने वर चढत असणार असा तर्क झाला.

वास जात होता यात शंका नाही. पुण्याच्या आयसर या संस्थेतील संशोधकांनी बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहकार्याने गंधसंवेदना मोजणारे उपकरण वापरून पाहिले, तेव्हा कसलीही तक्रार नसलेल्या बाधितांतही ती कमी झालेली आढळली. प्रश्न आहे तो कारणाचा. कोरोना विषाणूला पेशीत शिरायला तिच्या पृष्ठभागावर एसीई-२ नावाचे प्रथिन लागते. २०२० मध्येच हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की हे प्रथिन बनवण्याची सूचना गंधाच्या चेतापेशींत चालू नसते. ती चालू असते त्यांच्या शेजारच्या आधारपेशींत. पुढे २०२१ मध्ये बेल्जियममधील ल्यूव्हेन येथे मृत रुग्णांच्या नाकातील ऊती तपासल्या गेल्या, तेव्हा विषाणू आधारपेशींतच सापडला. गंधाच्या चेतापेशी आणि गंधकंदाचा गाभा त्यापासून मुक्त होता.

आपल्याकडचे उदाहरण देऊन सांगायचे तर विहिरीवरची मोटर बंद पडली म्हणजे ती जळलीच असे नाही. अनेकदा डीपीवरचा फ्यूज उडालेला असतो. आधारपेशी चेतापेशींचे पोषण आणि भोवतालच्या क्षारांचा तोल सांभाळतात. त्या मेल्या की चेतापेशी जिवंत असूनही काम करेनाशा होतात. आधारपेशी पुन्हा तयार होतात, म्हणूनच बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परत आला. चेतापेशीच सरसकट मेल्या असत्या तर तो इतक्या लवकर परतला नसता.

मग मेंदूत विषाणू सापडलाच नाही काय? सापडला, आणि इथे प्रामाणिकपणे दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे ४३ मृत रुग्णांच्या मेंदूंची तपासणी झाली. ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तपासता आलेल्या ४० मेंदूंपैकी २१ मध्ये विषाणूचे अंश मिळाले. पण जिथे अंश मिळाले तिथे मेंदूची हानी जास्त आणि जिथे मिळाले नाहीत तिथे कमी, असा संबंध दिसला नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या २०२२ च्या निबंधातही विषाणूची जनुकीय सामग्री मेंदूसह अनेक अवयवांत आढळली. मेंदूत मात्र दाह फारसा नव्हता. हे सर्व अभ्यास मृत, म्हणजे अतिगंभीर आजारी पडलेल्या रुग्णांचे होते, हेही ध्यानात ठेवायला हवे.

कपाशीचे पान लाल पडले आणि खाली तुडतुडे दिसले, तर तुडतुड्यांनीच ते लाल केले असे शेतकरी लगेच म्हणत नाही. मॅग्नेशियमच्या कमतरतेनेही पान लालच पडते. लक्षण एक आणि कारणे अनेक असली की केवळ हजेरीवरून गुन्हा सिद्ध होत नाही. “मेंदूत विषाणूचे अंश सापडले” आणि “विषाणूने मेंदू बिघडवला” ही दोन वेगळी विधाने आहेत. मथळ्याने त्यांचे एक करून टाकले.

मेंदूत खरोखर शिरणारा विषाणू कसा असतो, हे विदर्भाने फार पूर्वीपासून पाहिले आहे. १९६५ साली नागपूरच्या चांदीपुरा भागातील तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, एक नवा विषाणू वेगळा केला आणि त्याला त्या जागेचेच नाव दिले. अलर्काच्या, म्हणजे रेबीजच्या विषाणूच्या कुळातला हा विषाणू वालुमाशीच्या चाव्यातून पसरतो. २००३ मध्ये आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात, तर २०२४ मध्ये गुजरातेत त्याने मुलांचे बळी घेतले. ताप, झटके, बेशुद्धी आणि एकदोन दिवसांत मृत्यू असा त्याचा वेग आहे. चांदीपुरा आणि कोरोना शेजारी ठेवले की “मेंदूत शिरतो” हे शब्द किती जपून वापरावेत ते कळते.

वाक्य दुसरे : “तीनपैकी एका रुग्णाला मेंदूचा विकार”

या वाक्यामागे दोन वेगवेगळे अभ्यास आहेत. पहिला चीनमधील वुहानचा, एप्रिल २०२० चा. रुग्णालयात दाखल असलेल्या २१४ रुग्णांपैकी ७८ जणांत, म्हणजे सुमारे ३६ टक्क्यांत, चेतासंस्थेशी संबंधित लक्षणे आढळली. आता या ७८ जणांना काय झाले होते ते पाहा. सर्वांत जास्त तक्रार चक्कर येण्याची होती, ३६ जणांची. त्याखालोखाल डोकेदुखी, २८ जणांची. स्नायूंची इजाही याच यादीत होती. मेंदूचा रक्तपुरवठा बिघडण्याचा प्रकार, म्हणजे आपण ज्याला पक्षाघाताचा झटका म्हणतो तो, सहा जणांत होता. हे प्रमाण ३ टक्क्यांहून कमी भरते. १०२ ताप असलेल्या माणसाचे डोके दुखणे आणि पक्षाघात या दोन्ही गोष्टी एका बेरजेत घातल्या की ३६ हा आकडा तयार होतो. आकडा खोटा नाही; बेरीज कशाची आहे हे न सांगणे दिशाभूल करणारे आहे. शिवाय तुलनेसाठी दुसऱ्या एखाद्या तापाच्या रुग्णांचा गट तिथे नव्हता.

दुसरा अभ्यास ऑक्सफर्डच्या संशोधकांचा, २०२१ चा. त्यांनी प्रामुख्याने अमेरिकेतील २ लाख ३६ हजारांहून अधिक कोरोना रुग्णांच्या नोंदी तपासल्या. सहा महिन्यांत सुमारे ३४ टक्के लोकांच्या नावापुढे चेतासंस्थेचे किंवा मानसिक आजाराचे निदान लागले होते. यातला “किंवा मानसिक” हा भाग मथळ्यातून गळाला. चिंताविकाराचे प्रमाण एकट्याचेच १७ टक्के होते, स्मृतिभ्रंशाचे १ टक्क्याहूनही कमी. आयुष्यात पहिल्यांदाच असे निदान झालेले लोक १३ टक्क्यांच्या आसपास होते. उरलेल्यांना हे त्रास आधीपासून होते.

तरीही हा अभ्यास पहिल्यापेक्षा कितीतरी मजबूत आहे, कारण त्यात तुलना होती. फ्लू झालेल्या तशाच लोकांशी ताडून पाहिले असता कोरोनानंतर असे निदान होण्याचा धोका ४४ टक्क्यांनी जास्त निघाला. खरी बातमी ती होती. “तीनपैकी एक” हा आकडा ऐकायला मोठा, पण अर्थाने पोकळ. “फ्लूपेक्षा ४४ टक्के जास्त” हा आकडा लहान वाटतो, पण काहीतरी सांगतो. अतिदक्षता विभागात राहावे लागलेल्यांत धोका आणखी वाढत गेला होता, हेही महत्त्वाचे.

वाक्य तिसरे : “मेंदू आकसतो, बुद्ध्यांक तीनने उतरतो”

हे वाक्य सर्वांत जास्त पसरले आणि शिक्षकखोलीत पोचले तेही हेच. याच्याही मुळाशी दोन अभ्यास आहेत.

२०२२ च्या मार्चमध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ब्रिटनमधील ७८५ व्यक्तींच्या मेंदूचित्रांचा अभ्यास आला. या अभ्यासाचे मोठे गुण असे की प्रत्येकाचे एक चित्र साथीपूर्वीचे होते आणि दुसरे नंतरचे. दोन चित्रांच्या दरम्यान ४०१ जणांना कोरोना झाला, ३८४ जणांना झाला नाही. म्हणजे ‘आधी आणि नंतर’ अशीही तुलना होती आणि ‘झालेले व न झालेले’ अशीही. बाधितांपैकी फक्त १५ जणांना रुग्णालयात जावे लागले होते, म्हणजे आजार बहुतांशी सौम्य होता. तरीही गंध आणि स्मृतीशी निगडित अशा काही भागांत बाधितांची घट न झालेल्यांपेक्षा ०.२ ते २ टक्क्यांनी जास्त निघाली. हा निष्कर्ष दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

आता मर्यादा पाहू. हे लोक ५१ ते ८१ वर्षांचे होते. मूल त्यांत एकही नव्हते. फरक सरासरीचा आहे. प्रत्येक बाधिताचा मेंदू आकसला असा त्याचा अर्थ नाही. घट दिसली ती ठरावीक भागांत, आणि ते भाग गंधाशी जोडलेले आहेत. संशोधकांनी स्वतःच एक शक्यता नोंदवली आहे : नाकाकडून येणारा संदेश थांबल्यामुळे त्या भागांचे काम कमी होऊन ते बारीक झाले असतील. प्लॅस्टरमध्ये महिनाभर ठेवलेला हात बारीक होतो, तसे. असे असेल तर ‘विषाणूने मेंदू कुरतडला’ हे चित्र चुकीचे ठरते आणि पहिल्या वाक्यात पाहिलेल्या आधारपेशींची गोष्ट इथे येऊन मिळते.

दुसरा अभ्यास इंग्लंडमधील, २०२४ चा. सुमारे १ लाख १३ हजार प्रौढांनी संगणकावर स्मृती आणि विचारशक्तीच्या चाचण्या दिल्या. कोरोना होऊन बरे झालेल्यांचे सरासरी गुण न झालेल्यांपेक्षा ०.२३ प्रमाण विचलनाने कमी होते. लक्षणे टिकून राहिलेल्यांत हा फरक ०.४२, अतिदक्षता विभागात राहिलेल्यांत ०.६३ होता. बुद्ध्यांकाच्या मोजपट्टीत एक प्रमाण विचलन म्हणजे १५ गुण. गुणाकार करून पाहा : ०.२३ × १५ = ३.४५. ‘तीन गुणांनी बुद्ध्यांक उतरला’ हे वाक्य अशा रूपांतरातून जन्माला आले. या लोकांची बुद्ध्यांक चाचणी झालेली नव्हती. आजारापूर्वीची त्यांची चाचणीही नव्हती, त्यामुळे ‘उतरला’ हे क्रियापद इथे बसत नाही. ‘कमी आढळला’ एवढेच म्हणता येते. आणखी एक गोष्ट मथळ्यांत आली नाही. सुरुवातीच्या विषाणूने बाधित झालेल्यांपेक्षा नंतरच्या प्रकारांनी बाधित झालेल्यांत हा फरक लहान होता.

जे गळाले ते

समीक्षकाने काय लिहिले आहे याबरोबर काय लिहायचे राहिले तेही पाहावे. ‘विषाणू मेंदूत’ या चित्राच्या नादात आपल्या राज्यातली सर्वांत भयंकर गोष्ट बाजूला पडली. २०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनातून उठलेल्या माणसांच्या मेंदूत खरोखर काहीतरी शिरले, पण तो विषाणू नव्हता. ती बुरशी होती. म्युकरमायकोसिस नाकातून सायनसमध्ये, तिथून डोळ्याच्या खोबणीत आणि तिथून मेंदूत रक्तवाहिन्यांच्या आधाराने वाढत जातो. रक्तवाहिनी बुजली की पुढची ऊती मरून काळी पडते, म्हणून ‘काळी बुरशी’ हे नाव. जुलै २०२१ पर्यंत देशात ४५ हजारांवर रुग्ण नोंदले गेले आणि त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. या बुरशीवरचे एम्फोटेरिसिन-बी हे औषध बाजारातून नाहीसे झाले, तेव्हा मे २०२१ मध्ये वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेस या कंपनीत त्याचे उत्पादन सुरू झाले. मे २०२० उजाडेपर्यंत एकही नोंदलेला रुग्ण नसलेला हा जिल्हा वर्षभरात इथवर येऊन पोचला होता.

बुरशी इतकी का फोफावली? अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा अतिरेक ही दोन कारणे ठळक आहेत. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांचे प्राण वाचवते, पण प्राणवायूची गरज नसलेल्यांना त्याचा लाभ नाही, हे ब्रिटनमधील चाचणीत जून २०२० मध्येच दिसले होते. तरी सौम्य आजारातही ते सर्रास घेतले गेले. म्हणजे मेंदूला पोचलेल्या इजेत विषाणूइतकाच आपल्या औषधोपचाराच्या सवयींचाही वाटा होता. विषाणूला खलनायक करणारी गोष्ट सांगायला सोपी असते. आपला वाटा सांगणारी अवघड.

शरीराच्या स्वतःच्या संरक्षणयंत्रणेचेही असेच आहे. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियाँ-बारे विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले. हातपाय लुळे पाडणाऱ्या या विकारात जंतू चेतातंतूंत शिरत नाही. पुण्यात अनेकांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा पोटात राहणारा जिवाणू आढळला. त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे चेतातंतूंच्या आवरणालाच शत्रू समजतात, आणि इजा होते. कोरोनानंतरही असे रुग्ण आढळले आहेत. रक्ताच्या गुठळ्या, प्राणवायूची कमतरता, दाहामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्यांची झिरपणारी भिंत आणि हा भरकटलेला प्रतिकार, असे मेंदूला इजा पोचण्याचे चार रस्ते आजच्या पुराव्यावरून बळकट दिसतात. चारांपैकी एकातही विषाणूला स्वतः मेंदूच्या पेशीत शिरावे लागत नाही.

‘नंतर’ म्हणजे ‘मुळे’ नव्हे

अशी घाई पूर्वीही झाली आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झानंतर जगभर ‘निद्रा मस्तिष्कदाह’ पसरला; माणसे महिनोन्‌महिने झोपेत राहिली, कित्येकांना पुढे कंपवातासारखी लक्षणे जडली. कितीतरी पुस्तकांत तो इन्फ्लुएन्झाचा परिणाम म्हणून नोंदलेला आढळतो. पण व्हिएन्नाच्या फॉन इकोनोमो यांनी या आजाराचे वर्णन १९१७ सालीच केले होते, म्हणजे १९१८ ची साथ येण्याआधी. परिणाम कारणाच्या आधी कसा येईल? दोन्हींचा संबंध आजही सिद्ध झालेला नाही.

आता पुन्हा शिक्षकखोलीत येऊ. ‘कोरोनाची बॅच’ त्रैराशिकात कच्ची असेल, तर तिच्या मेंदूकडे बोट दाखवण्याआधी वहीकडे पाहावे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मधले थोडे दिवस सोडता ग्रामीण भागातील पाचवीपासून पुढचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला आणि पहिली ते चौथीचे १ डिसेंबर २०२१ ला उघडले. ‘असर’ पाहणीनुसार दुसरीचा उतारा वाचू शकणारी ग्रामीण भारतातील तिसरीची मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर आली. शाळेची दारे सर्वच मुलांसाठी बंद होती, मग त्यांना संसर्ग झालेला असो वा नसो. इंग्लंडमधल्या प्रौढांवरचा निष्कर्ष आर्वीच्या किंवा हिंगणघाटच्या बारा वर्षांच्या मुलावर लादायला काहीही आधार नाही.

हा केवळ शास्त्रीय काटेकोरपणाचा मुद्दा नाही. ‘याच्या मेंदूलाच इजा झाली आहे’ असे एकदा ठरले की त्याला पुन्हा शिकवण्याची जबाबदारी संपते. बुडालेला अभ्यास भरून काढता येतो. ‘बिघडलेला मेंदू’ मात्र आपण नशिबावर सोडून देतो. चुकीच्या निदानाची किंमत इथे विद्यार्थी मोजतो.

उलट बाजूची चूकही तितकीच वाईट. या लेखातून कोणी ‘म्हणजे कोरोनाचे मेंदूवर काही परिणाम होतच नाहीत’ असा अर्थ काढू नये. काही जणांना आजारानंतर महिनोन्‌महिने थकवा येतो, वाचताना ओळी निसटतात, नावे आठवत नाहीत. घरोघर सर्वेक्षणे करत फिरलेल्या आपल्याच शिक्षकबंधू-भगिनींत असे कोणी असतील. त्यांना ‘मनाचे खेळ’ म्हणून गप्प बसवणे हेही पुराव्याच्या विरुद्धच आहे. मोठ्या अभ्यासांत सरासरीने लहान दिसणारा फरक एखाद्या व्यक्तीच्या वाट्याला मोठा येऊ शकतो.

वर्गासाठी एक काम सुचवावेसे वाटते. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना आरोग्याची एखादी बातमी कापून आणायला सांगावी आणि फळ्यावर पाच प्रश्न लिहावेत : अभ्यास कोणावर केला? किती जणांवर? तुलना कोणाशी केली? आधीची स्थिती माहीत होती काय? बेरजेत नेमके काय काय घातले आहे? बातमीत उत्तर सापडले नाही तर त्या प्रश्नापुढे फुली मारावी. पाच-सहा बातम्या झाल्या की मुले स्वतःच फुल्या मोजू लागतील.

त्या गणिताच्या सरांनाही हे पाच प्रश्न दाखवले. त्यांनी ०.२३ गुणिले १५ हे उदाहरण शांतपणे वहीत उतरवून घेतले आणि म्हणाले, “हेच घेतो उद्या दहावीला. दशांश गुणाकार पक्का नाहीच त्यांचा.” हा उपाय नक्कीच योग्य आहे.